मणके ‘बसवून’ घेण्यापूर्वी

प्रश्न: माझे यजमान ४४ वर्षांचे असून नागपूरच्या मनीषनगरहून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत रोज दुचाकीने ये-जा करतात. दीड महिन्यापासून त्यांची कंबर दुखते आणि कळ डाव्या पोटरीपर्यंत उतरते. एमआरआयच्या अहवालात कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याचे लिहिले आहे. मणके कडकड वाजवून ‘बसवणारे’ व्हिडिओ पाहून आता ते कायरोप्रॅक्टिक उपचार घ्यायचे म्हणतात. एका ठिकाणी २४ सिटिंगचे पॅकेज सांगितले आहे. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, त्यांची मान दुखते व चक्कर येते. त्यांनाही सोबत न्यावे का? गादी खरोखर जागेवर बसते का, आणि यात धोका किती?

उत्तर: आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते. सरकलेली गादी हाताने झटका देऊन जागेवर बसत नाही. असे सांगणारा कितीही अनुभवी असला, तरी ते विधान शरीररचनेला धरून नाही. हे मी कायरोप्रॅक्टिकच्या विरोधापोटी लिहीत नाही. मी फिजिओथेरपिस्ट असून धंतोलीत बरीच वर्षे प्रामुख्याने मणक्याच्याच तक्रारी पाहते, आणि मणक्याच्या सांध्याला कमी अंतराचा पण वेगवान झटका देण्याचे जे तंत्र कायरोप्रॅक्टर वापरतात, ते मॅनिप्युलेशन मीही निवडक रुग्णांवर करते. काहींना त्याने चांगला आराम पडतो. मात्र तो आराम कशामुळे पडतो आणि कोणावर हे तंत्र मुळीच वापरू नये, या दोन गोष्टी व्हिडिओत दिसत नाहीत, आणि आपल्या घरातल्या दोन्ही रुग्णांच्या बाबतीत नेमक्या त्याच महत्त्वाच्या आहेत.

मणक्यांमधली गादी ही दोन फळ्यांमध्ये सुटी ठेवलेली उशी नव्हे, की जी घसरावी आणि ढकलून परत आत सारावी. ती वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही मणक्यांना घट्ट जोडलेली असते. तिच्या कडेला तंतूंच्या थरांचे मजबूत कडे असते आणि मध्यभागी पाणीदार, चिकट गर असतो. कड्याला वर्षानुवर्षे बारीक चिरा पडत गेल्या की गर त्या बाजूने फुगतो, कधी चिरेतून बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला त्रास देतो. हा त्रास केवळ दाबाचा नसतो. बाहेर आलेल्या गरामुळे तिथे दाह निर्माण होतो, आणि पायात उतरणारी कळ बऱ्याच अंशी त्या दाहाची असते. दिलासा देणारी गोष्ट अशी, की बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, आणि मोठा तुकडा बाहेर आला असेल तर तो आटण्याची शक्यता उलट जास्त असते. पायात कळ जाणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना लक्षणीय उतार पडतो. त्या काळात जो कोणी उपचार करत असतो, त्याच्या पदरात श्रेय पडते. मग ती मी असेन, एखादा कायरोप्रॅक्टर असेल किंवा उसण भरली म्हणून पाठीला पाय लावणारा गावातला पायाळू असेल.

आता त्या आवाजाविषयी. सांध्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये वंगणासारखा द्रव असतो. ते पृष्ठभाग झटकन एकमेकांपासून दूर ओढले गेले की द्रवातला दाब एकाएकी कमी होतो, विरघळलेला वायू मोकळा होऊन तिथे पोकळी तयार होते आणि ‘कट्’ असा आवाज येतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाचा सांधा मोडतानाची प्रक्रिया चालू एमआरआयमध्ये टिपून हे दाखवले. त्यानंतर साधारण वीस मिनिटे तोच सांधा पुन्हा वाजत नाही. म्हणजे आवाज आला याचा अर्थ हाड सरकले होते आणि ते बसले असा होत नाही. आराम पडणे न पडणे हेही आवाजावर अवलंबून नसते, आणि माझ्या टेबलावर आवाज न येता मोकळे झालेले रुग्ण थोडे नाहीत. आराम पडतो तो मुख्यतः मज्जासंस्थेच्या प्रतिसादामुळे: आखडलेला स्नायू काही काळ सैलावतो, वेदनेची जाणीव मंदावते, आणि ‘मला वाकता येते’ हा विश्वास परत आल्याने माणूस हालचाल करू लागतो. हा शेवटचा भाग मी गौण मानत नाही, कारण कंबरदुखी लांबण्यामागे हालचालीची धास्ती हे फार मोठे कारण असते. परंतु हा परिणाम बहुधा थोडे तास किंवा थोडे दिवस टिकतो, आणि त्या मोकळ्या खिडकीत व्यायाम सुरू केला नाही, तर पुढच्या आठवड्यात तोच रुग्ण तोच हात कमरेवर ठेवून परत येतो.

मणके जागेवरून हलतात आणि ते बसवले की रोग जातात, ही कल्पना आली कुठून, हेही थोडक्यात सांगायला हवे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात १८ सप्टेंबर १८९५ रोजी डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीवर झटका दिला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, अशी या पद्धतीची जन्मकथा सांगितली जाते. त्यावरून पामर यांनी असा सिद्धान्त मांडला, की बहुतेक सगळ्या रोगांचे मूळ मणक्यांच्या सूक्ष्म विस्थापनात असते. या सिद्धान्ताला आधार मिळालेला नाही, आणि आजचे बरेच सुशिक्षित कायरोप्रॅक्टर स्वतःच तो मानत नाहीत. ते स्वतःला कंबर, मान व सांध्यांच्या दुखण्यापुरते मर्यादित ठेवतात. म्हणून कोणी दमा, मधुमेह, रक्तदाब किंवा वंध्यत्व मणके बसवून बरे करतो असे म्हणत असेल, तर तिथून सरळ उठावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ च्या मार्गदर्शिकेत कायरोप्रॅक्टरच्या पूर्ण प्रशिक्षणासाठी चार वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आणि किमान ४२०० तास असा निकष दिला आहे. आपल्या देशात मात्र कायरोप्रॅक्टिकची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद नसल्याने, परदेशात चार-पाच वर्षे शिकून आलेला आणि एखाद्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतून प्रमाणपत्र घेऊन आलेला, या दोघांच्या दारावरची पाटी सारखीच दिसू शकते. उपचार करणारा फिजिओथेरपिस्ट असेल तर त्याचा महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. कायरोप्रॅक्टर असेल तर पदवी कोणत्या संस्थेची आणि किती वर्षांची, हे विचारावे. असे विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्या हातात मणका देऊ नये.

कमरेच्या दुखण्यावर मॅनिप्युलेशनचा उपयोग किती, यावर बराच अभ्यास झाला आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१९ साली ४७ चाचण्यांचा आणि ९२११ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीत या तंत्राचा परिणाम व्यायामासारख्या इतर शिफारसप्राप्त उपचारांइतकाच, म्हणजे त्यांच्याहून कमीही नाही आणि सरसही नाही, असे त्यात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेनेही जुनाट कंबरदुखीच्या अनेक पर्यायांपैकी एक म्हणून त्याला स्थान दिले आहे. त्याच मार्गदर्शिकेत कमरेचा पट्टा आणि वजने लावून ओढण देणे, म्हणजे ट्रॅक्शन, नेहमीच्या उपचारात वापरू नये असे म्हटले आहे; आपल्याकडे मात्र पट्टा घेतल्याशिवाय रुग्णाला आपण डॉक्टरकडे जाऊन आलो असे वाटत नाही. येथे एक भेद लक्षात ठेवावा: हे निष्कर्ष प्रामुख्याने केवळ कंबर दुखणाऱ्यांचे आहेत. ज्यांची कळ पायात उतरते आणि नस दबल्याची लक्षणे असतात, त्यांच्याबाबत पुरावा बराच तोकडा आहे, आणि आपले यजमान या दुसऱ्या गटात मोडतात.

त्यांच्या अंगाला कोणी हात लावण्यापूर्वी जी तपासणी व्हायला हवी, ती एमआरआयने होत नाही. रुग्णाला टाचांवर आणि नंतर चवड्यांवर चालायला लावणे, पायाच्या अंगठ्याचा वर उचलण्याचा जोर पाहणे, गुडघ्याची व घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया हातोडीने तपासणे, बधिरपणा नेमका कुठे आहे ते पाहणे आणि उताणे झोपवून पाय सरळ उचलला असता कळ किती अंशावर येते ते नोंदवणे, एवढे करायला दहा मिनिटेही लागत नाहीत. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सहसा ज्या मज्जातंतूला त्रास देते, त्याची कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या वरच्या भागाकडे आणि अंगठ्याकडे जाते. कळ त्या वाटेने न जाता पोटरीच्या मागून तळपायाकडे किंवा करंगळीकडे जात असेल, तर अहवालातली गादी आणि प्रत्यक्षातले दुखणे यांची जोडी तपासून पाहावी लागते. हा काही तात्त्विक मुद्दा नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ अभ्यासांतील ३११० जणांच्या आढाव्यात, ज्यांना कधी कंबरदुखी नव्हती अशा विशीतल्या ३० टक्के लोकांच्या आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या चित्रात फुगलेली गादी दिसली. गादी झिजल्याच्या खुणा तर विशीतही ३७ टक्क्यांत होत्या. आपल्याकडे ज्याला ‘मणक्यात गॅप पडला’ म्हणतात, तो वयाबरोबर बहुतेक प्रत्येकाच्या पाठीत पडत असतो. अहवालातले शब्द वाचून धास्तावलेले रुग्ण वाकणे, उठणे, नातवाला उचलणे सोडून देतात आणि त्या सोडण्यानेच अधिक आजारी होतात, हे मी फार वेळा पाहते.

तपासणीत अंगठ्याचा जोर कमी आढळला, पाऊल घासत चालले किंवा बधिरपणा दिवसागणिक वाढत असेल, तर मॅनिप्युलेशन करू नये, मणक्याच्या शल्यचिकित्सकाला दाखवावे. आणि लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूस व गुदद्वाराभोवती बधिर वाटणे, दोन्ही पायांतली शक्ती एकदम कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट घेत बसू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी ‘मेडिकल’च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, कारण अशा वेळी दाब दूर करायला होणारा तासांचा उशीर कायमचे अपंगत्व देऊ शकतो. याशिवाय संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल, तर आपल्या भागात मणक्याच्या क्षयाचा विचार आधी करावा लागतो. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर झटका देणे म्हणजे तो कोसळण्याला निमंत्रण आहे. विदर्भापुरती आणखी एक गोष्ट: इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या पाठदुखीचे कारण हाडाचा रक्तपुरवठा तुटणे हे असू शकते; तरुण सिकलसेल रुग्णाची जांघेत किंवा मांडीत उतरणारी कळ कमरेची समजून मणके मोडले जातात आणि झिजत असतो तो खुब्याचा सांधा. घरात कोणाला सिकलसेल असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे.

सासूबाईंविषयी माझे उत्तर स्पष्ट आहे: त्यांच्या मानेला झटका देऊ देऊ नये, मग तो कोणीही देवो. मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना असलेल्या छिद्रांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या वर जातात. मान वेगाने वळवून झटका दिला असता क्वचित या रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येऊ शकतो. ही घटना विरळ आहे, हे मान्य करायला हवे. तसेच काही रुग्णांमध्ये अशी चीर आधीच पडलेली असते आणि तिच्यामुळेच होणाऱ्या मानदुखीसाठी ते उपचार घ्यायला आलेले असतात, त्यामुळे दोष नेमका कशाचा यावर वाद आहे. पण उपचार देणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच होतो, कारण मानदुखीसोबत चक्कर, एकाची दोन दिसणे, बोलताना जीभ जड होणे, गिळायला त्रास किंवा चालताना झोक जाणे, यांपैकी काही असेल तर मानेला वेगाने वळवण्याचा प्रश्नच उरत नाही. मी स्वतः कोणत्याही वयाच्या रुग्णाच्या मानेवर झटक्याचे तंत्र वापरत नाही, कारण सावकाश हालचाली आणि व्यायाम यांनी तेवढाच लाभ मिळत असताना तो धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही. जाता जाता हेही सांगते, की केस कापून झाल्यावर मान दोन्हीकडे मोडून देणाऱ्या न्हाव्यालाही हाच नियम लागू आहे. आपल्या यजमानांना ती सवय असेल तर ती बंद करावी.

वयाच्या ७१ व्या वर्षी हाडे ठिसूळ झालेली असण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे पाठीवर जोराचा दाब देणेही टाळावे. चक्करेबाबत आपल्याकडे ‘मानेच्या मणक्यामुळे चक्कर येते’ हा समज इतका रुजला आहे, की खरे कारण शोधलेच जात नाही. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद सगळे गरगरत असेल, तर दोष बहुधा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागातील सूक्ष्म कणांचा असतो, आणि डोके ठरावीक क्रमाने, झटका न देता वळवण्याच्या एका सोप्या प्रक्रियेने तो अनेकदा एक-दोन भेटींत जातो. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब, त्याची औषधे, साखर आणि हिमोग्लोबिन तपासावे. ब्लाउजचे हूक लावताना किंवा पोळी लाटताना बोटे अडखळतात का, चालताना पाय जड पडतात का, हेही त्यांना विचारावे. तसे असेल तर मानेत मज्जारज्जूवर दाब असू शकतो आणि ते काम शल्यचिकित्सकाचे आहे.

२४ सिटिंगच्या पॅकेजबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या तपासणीपूर्वीच किती वेळा यावे लागेल हे ज्याला ठाऊक आहे, तो दुखण्याकडे पाहून सांगत नाही. तीन-चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर उपचार बदलायचा असतो, आणि आगाऊ भरलेले पैसे नेमके तेच होऊ देत नाहीत. मणक्याचा बाक सुधारला हे दाखवण्यासाठी पुन्हा पुन्हा एक्स-रे काढायला सांगितले, तर नकार द्यावा.

यजमानांनी सध्या करायच्या गोष्टी अशा. अंथरूण धरू नये. कंबर धरल्यावर दोन दिवसांची विश्रांती आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना करणारी चाचणी १९८६ सालीच झाली आणि दोनच दिवस पडून राहिलेले लोक कामावरून बरेच कमी दिवस गैरहजर राहिले. दुचाकीची रोजची लांब फेरी मात्र महिनाभर थांबवता आली तर बघावे. खापरीपर्यंत मेट्रो आणि पुढे कंपनीची बस किंवा सहकाऱ्याची गाडी, असे जमण्यासारखे आहे. एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक बसू नये. सकाळी ऊन चढण्यापूर्वी अंबाझरीला किंवा घराजवळच सपाट रस्त्यावर चालावे. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. उन्हाळा असेल तर कूलरमध्ये बादलीने पाणी भरण्याचे काम काही दिवस इतर कोणी करावे किंवा नळाला पाइप लावावा, कारण भरलेली बादली पुढे वाकून आणि कमरेत वळून उचलणे ही हालचाल दुखऱ्या गादीला सर्वांत जास्त त्रास देते. फळीवर किंवा जमिनीवर झोपण्याचा सल्ला आपल्याला बहुतेक मिळाला असेलच. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला, तेव्हा घरातली साधी कापसाची गादी चालेल. धूम्रपान आणि कंबरदुखी यांचा संबंध अभ्यासांत वारंवार दिसला आहे. खर्रा खाल्ला म्हणजे सिगारेट सोडली असे होत नाही, त्यातही तंबाखूच असते.

व्यायामाची एक कसोटी आपल्याला घरीच पाहता येईल. पोटावर झोपून, कोपरांवर टेकून छाती हळूहळू वर उचलावी आणि दोन मिनिटे तसेच राहावे. पोटरीतली कळ मांडीकडे, मांडीतली कमरेकडे अशी वर सरकत असेल, तर कमरेत दुखणे तात्पुरते वाढले तरी ते चांगले लक्षण आहे आणि हा व्यायाम दिवसातून काही वेळा करावा. कळ उलट पावलाकडे उतरू लागली, तर लगेच थांबावे आणि तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पुन्हा करू नये. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढेच दिवस घ्याव्यात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेतल्या तर मूत्रपिंडाला व जठराला इजा होते. शस्त्रक्रियेचे नाव निघाले म्हणून घाबरू नये आणि घाईही करू नये. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर केलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची पायातली कळ लवकर थांबली, पण वर्षअखेरीस वाट पाहिलेले आणि लवकर शस्त्रक्रिया केलेले दोघेही जवळजवळ सारखेच बरे होते. म्हणून शक्ती कमी होत नसेल आणि दुखणे सोसवत असेल, तर अजून सहा आठवडे वाट पाहण्यात नुकसान नाही.

एवढे सगळे करूनही यजमानांना मॅनिप्युलेशन घ्यायचेच असेल, तर वर सांगितलेली तपासणी झाल्यानंतर, पायातली शक्ती व प्रतिक्षिप्त क्रिया नीट असतील तरच, फक्त कमरेपुरते आणि एकाच सिटिंगचे पैसे देऊन घ्यावे. मान करू नका, हे टेबलावर झोपण्यापूर्वीच सांगून ठेवावे. साधारण निम्म्या लोकांना त्यानंतर एखादा दिवस अंग ठणकते किंवा थकवा वाटतो. त्याची काळजी नको, शेक घ्यावा आणि चालत राहावे. मात्र कळ आधीपेक्षा खाली गेली, नवीन जागी मुंग्या आल्या किंवा अंगठा उचलताना जोर कमी वाटला, तर दुसऱ्या सिटिंगला जाऊ नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सासूबाईंसाठी पहिली भेट आपल्या नेहमीच्या फिजिशियनची घ्यावी आणि त्या सध्या घेत असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात.